मधली धार

तीन दिवस ताप. सर्दी नाही, खोकला नाही,
कान साफ, घसा साफ, छातीत घरघर नाही.
डॉक्टर साबिरा म्हणाल्या,
"वरच्या मजल्यावर चोर सापडत नाही,
मग खाली शोधा. लघवी आणा."

आणा म्हणणं सोपं.
आयपेरी सात महिन्यांची.
तिला कोण सांगणार,
पहिली सोडून दे बाई, मधली दे?

नारिनच्या इस्पितळात रात्रीचे अकरा.
बाहेर उणे तेवीस, नदी वरून दगड झालेली.
आत तिचा बाप कुबात, बाह्या कोपरापर्यंत सारून,
एका हातावर लेक, दुसऱ्यात माझी निर्जंतुक वाटी,
आणि नजर अशी रोखलेली
की घोड्यांच्या शर्यतीतही कधी रोखली नसेल.
खिशातला फोन चालूच. मॉस्कोहून बायको विचारते,
"केली?"
"नाही अजून."
"आता?"
"नुर्झात, गप्प बस जरा. ती लाजते."

पिशवी चिकटवा ना, तो मला म्हणतो.
नको रे.
पिशवीत कातडीवरचं सगळं गोळा होतं.
ती 'नाही' म्हणाली तर विश्वास ठेवावा,
'हो' म्हणाली तर ते चहाडखोर शेजारणीचं 'हो'.

मग मी थंड पाण्यात बोळा बुडवला,
बेंबीखाली गोल गोल फिरवत राहिले.
आयपेरीने छताकडे पाहिलं,
विचार केल्यासारखा ओठ काढला,
आणि कुबातने जांभई दिली नेमकी तेव्हाच.
सगळी त्याच्या स्वेटरवर.
पिळून घेता येईल का, असं विचारलं त्याने.
थट्टेत नाही, खरंच.

पाऊण वाजता पुन्हा.
या वेळी पहिले थेंब जाऊ दिले, वाटी सरकवली,
आणि तिघं मोठी माणसं,
एक मॉस्कोतली धरून,
श्वास रोखून तो बारीक आवाज ऐकत राहिली.
"केली," तो म्हणाला. पलीकडे कुणीतरी रडलं.

पट्टी बुडवली. एक चौकोन जांभळा झाला,
त्याच्या शेजारचा पांढराच राहिला.
"पांढरा म्हणजे चांगला ना?"
हा प्रश्न मी वीस वर्षं ऐकते आहे.
तो रंग धरायला लघवी आत तासन्‌तास मुरावी लागते,
आणि तान्ह्याचं मूत्राशय म्हणजे हातावर पोट,
आलं की गेलं, साठवण नाही.
पांढरा म्हणजे निर्दोष नव्हे, कुबात.
पांढरा म्हणजे वेळ मिळाला नाही, इतकंच.

सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशींची दाटी,
त्यांच्या मधून वळवळणाऱ्या काड्या.
साबिरांनी औषध तेव्हाच सुरू केलं.
गुन्हेगाराचं नाव परवा कळेल, म्हणाल्या,
पकडायला आज हरकत नाही.

मी थाळीवर थेंब ओढला, झाकण लावलं,
उबेच्या कपाटात ठेवली.
मग एकटीच स्टुलावर बसून राहिले.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी सारखा ताप यायचा.
आमच्या गावात तो दातांच्या खात्यावर मांडला जाई.
आता हिशोब केला तर
त्याला चाळीसेक दात यायला हवे होते.
एकोणिसाव्या वर्षी फौजेच्या तपासणीत
कुणीतरी पहिल्यांदा त्याच्या पोटावर यंत्र फिरवलं.
डावं मूत्रपिंड जर्दाळूएवढं.
जर्दाळूही वाळलेला.
तेव्हा एक वाटी कुणी धरली नव्हती. वाट्या होत्या घरात.

परवा सकाळी थाळी उघडली.
मोहरीएवढे पिवळे ठिपके, रेघेवर रेघ,
सगळे एकाच जातीचे. शंकेला जागा नाही.
कागदावर लिहिलं: नाव, वय,
नमुना कसा घेतला, मधली धार.

ताप उतरला होता. पोरगी बापाची टोपी चघळत होती.
जाताना तो दारात घुटमळला.
"ती वाटी?"
टाकली, म्हटलं. टाकावीच लागते.
"हो हो," म्हणाला, "तसंच असणार,"
आणि उगीच माझ्या रिकाम्या ओट्याकडे पाहत राहिला.